पालखीचा डावा खांदा आणि गुणाजीची साखर

…आणि नेमकं तिथंच त्या दादूनं बर्फ फोडायचं मशीन चालू केलं! आता तुम्हीच सांगा, माणसानं काय समजायचं? राही सांगत होती, ते पण खालच्या आवाजात, म्हणजे गोष्ट मोठी असणार, कारण राही एरवी बोलते ती समोरच्या बोटीवर ऐकू जाते. मी आपली तिच्या पाठीशी बसून बांगडे निवडतेय, एकच बांगडा उलटासुलटा करून त्याचे कल्ले बघतेय, आणि ती म्हणते, "डॉक्टर म्हणाला, गुणाजी, शिमग्याला पालखीखाली शिरलास तर…" आणि घर्रर्रर्र! मशीन थांबेपर्यंत राही टोपली घेऊन दापोलीच्या टेंपोत चढून गेली पण. शिरलास तर काय? काय शिरलास तर? तो बांगडा मात्र मला घ्यावा लागला, इतका वेळ हातात धरलेला परत कसा ठेवणार… शिळा निघाला मेला.

तुम्हाला सांगते, मला काय करायचंय! मी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण शेजार आहे ना. गुणाजीच्या नि आमच्या खळ्यामध्ये एक चिऱ्यांचा गडगा, तोसुद्धा कमरेएवढा, आणि त्यातले वरचे चिरे मीच काढून ठेवलेत, वाटी द्यायघ्यायला बरं पडतं म्हणून. आता त्या खिंडीतून पलीकडची अख्खी पडवी दिसते, त्याला मी काय करू? डोळे मिटून वाटी देऊ?

तर हा गुणाजी. आमच्या बुरोंडीतला नावाजलेला तांडेल, बोटीवर त्यानं मान हलवली की खलाशी जाळं टाकणार, त्यानं हूं केलं की ओढणार. पुढं गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा बोट मुलाच्या, सूरजच्या, हातात दिली नि स्वतः पडवीत फाटकी जाळी सांधायला बसला. बसला तो बसलाच. पण त्याच्या पोटाला कुणी कळवलंच नाही, की बाबा रे, मालक बोटीवरनं उतरलाय! गुणवंती, त्याची बायको, ताटात भाताचा डोंगर करते तो अजून बोटीवरच्या मापानं. आधी तो डोंगर जाळं ओढता ओढता विरून जायचा, आता सुईदोऱ्यानं किती विरणार? पोट पुढं आलं, तहान वाढली, पायांना मुंग्या यायला लागल्या, आणि हा म्हणतो उन्हाळ्यानं होतंय. थंडीचे दिवस हो! शेवटी सूरजनं त्याला मोटारसायकलवर घालून दापोलीच्या डॉक्टरकडं नेलं, तर रक्तात साखर. सूरज बाहेर गोळ्या घ्यायच्या रांगेत, गुणाजी एकटा आत. संध्याकाळी सूरज बापाला दारात उतरवून तसाच बोटीवर गेला. म्हणजे आत काय बोलणं झालं ते ठाऊक कुणाला? डॉक्टरला, गुणाजीला, नि दाराबाहेर बाकड्यावर नंबर लावून बसलेल्या राहीला. बास.

राहीला मी दुसऱ्या दिवशी गाठलंच. मशीनपासून लांब नेलं, माडाखाली बसवलं, म्हटलं आता पुढचं बोल. तर म्हणते, "काकी, मला पण तेवढंच ऐकू आलं. पुढं माझाच नंबर पुकारला, त्यात बाकीचं बुडालं." म्हणजे बघा! मशीन उगाच बदनाम. सगळ्या गावात जी गोष्ट फिरली तिला मुळात शेपूटच नव्हतं.

तुम्हाला आमच्या शिमग्याचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात. आमच्याकडं शिमग्याला देवी पालखीत बसून घरोघरी येते. आणि पालखी नुसती आणत नाहीत, नाचवतात! खांद्यावरनं खांद्यावर, गिरकी घेऊन, गुडघ्यावर बसून, बाजा वाजतोय, गुलाल उडतोय… आणि देवळाच्या पायरीवरनं पालखी उठते तेव्हा पुढचा डावा खांदा गुणाजीच्या घरचा. बापाचा होता, आज्याचा होता. त्या घराला जमीन नाही, कलमं नाहीत, आहे तो एवढा डावा खांदा. आणि तो मोकळा झाला तर मान जातो चुलत घराकडं, म्हणजे महिपतकडं. महिपतचं घर देवळाच्या वाटेवर, माणूस गोड, आणि दिवाळीपासून रोज उन्हात बसून डाव्या खांद्याला खोबरेल चोळतोय. मी बघितलं. म्हणजे… दिसलं.

मी फक्त आमच्या वाडीतल्या हेतलच्या आईला सांगितलं. ते पण जेवढं कानावर आलं तेवढंच, "शिरलास तर" पर्यंत. पुढचं तिनं घातलं. ती म्हणाली, तर काय, जागच्या जागी जाईल. दुपारपर्यंत 'जाईल'चा 'जातोय' झाला आणि उन्हं कलायच्या आत गुणाजीच्या खळ्यात माणसं चपला काढायला लागली. हातात काय? केळी, ग्लुकोजची बिस्किटं, पेढ्याचा पुडा… साखरेच्या माणसाला भेटायला आले साखर घेऊन! गुणाजी जाळं सांधत बसलेला, एवढी माणसं गप्प येऊन बसली म्हणून त्यानं सुई बाजूला ठेवली नि हळूच विचारलं, "कोण गेलं?" सगळे त्याच्याकडंच बघताहेत.

मग वरच्या वाडीतल्या बाबूनं घसा खाकरून विचारलं, डॉक्टर काय म्हणाला. गुणाजी म्हणाला, चालायला सांगितलंय, भात कमी करायला सांगितलंय. आणि पालखीचं काय म्हणाला? तर तुम्हाला सांगते, गुणाजीनं तोंड समुद्राकडं वळवलं नि गप्प. तांडेल माणूस गप्प बसला की लोकांना वादळ दिसतं! सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं, झालं, खरं ठरलं. महिपतनं तर डोळ्याला उपरणं लावलं. त्याचा आवाज मी तुम्हाला काढून दाखवते, असा, तुपात भिजवल्यासारखा: "आपला भाऊ हाय. माणूस ऱ्हायला पायजे, मान काय… मान मी सांभाळीन." सांभाळीन म्हणे!

मग देवळात बैठक. ठरलं असं, की शिमग्याच्या आधी गुणाजीनं परत डॉक्टरकडं जायचं, बरोबर गावातलं एक विश्वासाचं माणूस द्यायचं, आणि डॉक्टरनं तोंडानं होय म्हटलं तर खांदा गुणाजीचा, नाहीतर महिपतचा. विश्वासाचं माणूस म्हणजे कोण? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला काय करायचंय! पण शेजार आहे ना, नाही कसं म्हणणार.

त्या संध्याकाळी गुणवंती गडग्याशी आली. वाटी होती हातात, पण रिकामी. तिच्या थोरल्या दिरांना हीच साखर होती, अंगठा काळा पडला तेव्हा ते म्हणाले चप्पल चावली, आणि मग पाय गुडघ्यापासनं काढावा लागला. तो माणूस मी पण बघितलाय, शेवटची वर्षं खाटेवर बसून लाटा मोजायचा. गुणवंती म्हणाली, "ताई, खांदा गेला तरी चालंल मला. पाय जायला नको." आणि पलीकडं पडवीत गुणाजी सुई ओवत होता, त्यानं ऐकलं, कारण सुई काही ओवली जाईना.

तर दुसऱ्या दिवसापासनं तांडेल चालायला लागला.

आता मला सांगा, आमच्या गावात नुसतं चालता येतं का? तुमच्याकडं असेल बाग, गोल गोल फिरायचं. इथं माणूस वाटेवर दिसला की विचारायचं, "कुठं चाल्लाव?" ही रीत! न विचारलं तर राग येतो. आणि विचारल्यावर 'कुठं नाही' म्हणालं तर जास्त राग येतो, म्हणजे काहीतरी लपवतोय. गुणाजी पहिल्या दिवशी खरं बोलला, म्हणाला कुठं नाही, असाच चाललोय. दुपारी गुणवंतीला निरोप, की तांडेल डोक्यातनं गेला काय बघा, वाटेनं नुसता चालत होता, हातात काही नव्हतं! म्हणून मग त्यानं हातात पिशवी घेतली. तर लोक म्हणाले, त्या बाजूला जाताव ना, मग एवढं सुकट माझ्या बहिणीकडं द्या. पिशवी भरली. बहिणीकडं गेला की बहीण म्हणते, तांडेल, दारावरनं जाताव? चहा घेऊन जा. चहा नको म्हटलं की तिचा चेहरा पडतो, भावाशी काही बिनसलंय काय? म्हणून चहा. तिथनं पुढच्या घरी परतीची फणसाची साठं पोचवायची, तिथं चहा. आणि बिनसाखरेचा द्या म्हटलं, तर त्या घरची बाई दुखावते, म्हणते आमच्याकडं काय साखरेला तोटा? आणि उलट चमचाभर जास्तच घालते, मायेनं! माणूस चालून चालून वाळेल म्हणावं, तर हा चालून चालून वाढायला लागला. गुणवंतीनं त्याच्या लेंग्याची नाडी बदलली. मी बघितली, दोरीवर वाळत होती जुनी.

आणि खाणं? भात सोडला त्यानं, हां! खरंच सोडला, शितही नाही. मी खिंडीतनं बघते तर सकाळी ताटात घावणे. दुपारी तांदळाची भाकरी, चवड अशी! चार वाजता पोहे. रात्री आंबोळी, आणि वर एक वाटगं पेज. सून भाविका, ती शिकलेली आहे, बिचारी हळूच म्हणाली, "बाबा, हे सगळं तांदूळच आहे." तर म्हणतो कसा, "तांदूळ असंल. डॉक्टर भात म्हणाला." आता बोला! आणि नाचणीची भाकरी पुढं केली तर ताट सरकवतो. म्हणे लहानपणी घरात काही नव्हतं तेव्हा नाचणी खाल्ली, आता एवढी बोट झाली, पोरगा तांडेल झाला, आणि मी परत नाचणी खाऊ? लोक काय म्हणतील, गुणाजीचे दिवस फिरले? मी म्हटलं भावजी, मी पण खाते. तर म्हणतो, "वयनी, तुमचं वेगळं." माझं काय वेगळं ते मी अजून विचार करतेय.

मला काय करायचंय! पण शिमगा जवळ यायला लागला नि माणूस वाटेवरचा चढ चढताना धापा टाकायला लागला, तेव्हा शेजार म्हणून मी गप्प कशी बसणार? मी गुणाजीला म्हटलं, भावजी, हे चालणं तुम्हाला लागू पडत नाही. पालखी नाचवायचीय ना, मग पालखीच नाचवा रोज! खरी पालखी तर शिमग्याशिवाय हलवता येत नाही. पण बोटीवरची जुनी बर्फाची पेटी होती, खळ्यात पडलेली, तिला दोन्ही बाजूंनी लांब बांबू बांधले, झाली पालखी! ओहोटी लागली की संध्याकाळी किनाऱ्यावर न्यायची. मागं बाबू नि दादू. पुढं डावीकडं गुणाजी… आणि उजवीकडं? गुणाजीच्या उंचीचा गावात एकच माणूस, महिपत! आणि तो आपणहून आला हो. म्हणाला भावासाठी करतो. कशाला आला मला ठाऊक नाही होय? गुणाजी किती वेळात कोसळतो ते मोजायला.

पहिल्यांदा पेटीत ओली वाळू भरली. तर वाळूतलं पाणी गुणाजीच्या मानेवर टपटप, आणि वाळू बसली ती बसली, हलेच ना. बाबू म्हणाला, ह्यात जीव नाही, देवी कशी झोके घेते, वरनं जिवंत वजन पायजे. कोण बसणार? दादू मला म्हणतो, "काकी, तुम्ही बसा. वरनं सगळी घरं दिसतात." तुम्हाला सांगते, त्याचं बोलणं संपायच्या आत मी पेटीत होते.

आणि काय दिसतं हो वरनं! मी इतकी वर्षं गडग्याच्या खिंडीतनं संसार बघत होते, वाया गेली म्हणायची. ती चौघं खाली हुप्प हुप्प करून नाचताहेत, कुणीतरी रॉकेलचा डबा बडवतंय, अर्धं गाव वाळूत बसून हसतंय, नि मी वर, पेटीला जुन्या मासळीचा वास, पण समोर सगळ्यांची परसं उघडी! कुणी कुणाच्या चुलीत काय घातलं, कुणाच्या दोरीवर कुणाची चादर… आणि एका गिरकीला मला दिसलं महिपतचं मागचं दार. त्याची बायको सुपात काहीतरी काळं वाळवत होती, जांभळाच्या बिया! आणि बाजूला खलबत्त्यात कारली कुटलेली, हिरवा रस वाटीत काढून ठेवलेला. मी सरळ वरनं विचारलं, लपवायचं काय त्यात, "महिपत, तो कारल्याचा रस कोण पितं रे तुमच्याकडं?"

महिपतचा पाय चुकला. पेटी कलंडली, आणि मी वाळूत. कंबर अजून धरते अमावास्येला.

महिपत वाळूकडं बघतोय. मग गुणाजीनं त्याला विचारलं, अगदी हळू, "तुला पण?" महिपतनं मान हलवली. म्हणाला, दोन शिमगे झाले. घरात सोडून कुणाला बोलला नव्हता. मागनं बाबू म्हणतो, माझी पण निघाली गेल्या पावसात, गोळी खातो, पण बायकोला सांगितलंय ती जुलाबाची. दादू म्हणाला माझी साखर नाही, प्रेशर. बघा म्हणजे! देवीची पालखी ज्यांच्या खांद्यावर, ते चारही खांदे आतनं पोखरलेले, आणि एकालाही दुसऱ्याचं ठाऊक नाही! का, तर मान जाईल. आणि मी एवढी शेजारीण असून मलाही ठाऊक नाही… ते मला कंबरेपेक्षा जास्त लागलं.

पण त्या दिवसापासनं चौघं जोर धरून नाचायला लागले. चोरी संपली की माणूस हलका होतो. रोज संध्याकाळी अंगातनं घामाच्या धारा. आणि एक गंमत, भरल्या पोटी नाचता येत नाही! पहिल्या गिरकीलाच दुपारची भाकरी गळ्याशी येते. गुणाजी आपणहून म्हणाला गुणवंतीला, चवड नको, एकच दे, वर उसळ दे, मासळी कालवणातली दे, ती तळून नको. नाचणीसुद्धा खाल्ली, का, तर महिपत खातो म्हणून! महिपत एक खातो तर मी दोन… म्हटलं भावजी, तिथं पण चढाओढ नको. लेंग्याची जुनी नाडी परत आली.

सगळं चांगलं चाललं होतं ना? मग ते गावाला कसं बघवणार! वाळूत बसून बघणारे म्हणायला लागले, रोज हेच चौघं का? आम्हाला पण व्यायाम पायजे. खालच्या वाडीचे म्हणाले, आमचा उजवा मागचा खांदा. वरच्या वाडीचे म्हणाले, पेटी पहिल्यांदा उचलायचा मान आमचा, कारण बांबू आमच्या बेटातले. अहो, बर्फाची पेटी! मासळी ठेवायची! तिला मान! आणि हेतलची आई माझ्याकडं बोट करून काय म्हणाली ऐका, म्हणाली पेटीत बसायचा मान आमच्या घरचा, कारण तुळसा काकी ह्या गावात लग्न होऊन आल्या, मी इथलीच. मी म्हटलं, ये बस, तुला बसवली तर बांबू राहतील काय बघ. नाही बोलायला हवं होतं. मी शांत बाई आहे.

झालं! शब्दानं शब्द वाढला, महिपत नि गुणाजीचं परत फिसकटलं, पुढचा डावा खांदा कुणाचा, खऱ्या पालखीचा सोडून द्या, पेटीचा! शेवटी गावकऱ्यांनी पेटी उचलून देवळाच्या कोठीत ठेवली नि कुलूप लावलं, मान ठरेपर्यंत व्यायाम बंद. शिमगा तोंडावर! गुणवंती कपाळाला हात लावून बसली. मी म्हटलं, गेला खांदा, आता परत पडवी नि परत पोहे.

पण मला कळलं नाही बघा काय होतंय ते. भांडण लागलं की आमच्याकडं माणूस घरात बसत नाही. गुणाजी सकाळी उठला की रागानं निघाला वरच्या वाडीत, पाखाडी चढून, सगळी दगडी पायरी, बाबूला आपल्या बाजूला वळवायला. तिथनं उतरून खालच्या वाडीत. तिथं कळलं महिपत आत्ताच येऊन गेला, की हा परत वर! महिपत त्याच्या मागनं, दादू महिपतच्या मागनं… दिवसभर नुसती पाखाडीवर माणसं, वरची खाली नि खालची वर. आणि कुणी विचारत नाही 'कुठं चाल्लाव', सगळ्यांना ठाऊक, भांडायला! आणि ज्याच्याकडं भांडायला जायचं त्याच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, मग चहा कुठला! रागानं पोहे गळ्याखाली उतरत नाहीत. रात्री मात्र आडवा झाला की घोरायला लागतो, इतका दमलेला. भाविका म्हणते, काकी, बाबांच्या पायाच्या मुंग्या गेल्या.

मग डॉक्टरकडं जायचा दिवस आला. मी चांगलं पातळ नेसले, गावाची बाई म्हणून जायचं होतं. डॉक्टरनं रक्त बघितलं, पाय बघितले, तळव्याला दोरा लावून विचारलं, कळतंय का. गुणाजी म्हणाला कळतंय. आणि तुम्हाला सांगते, तेव्हा मला माझ्याच डोळ्याला पदर लावावा लागला, कारण ते थोरले दीर, त्यांना कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाला, साखर बरीच खाली आलीय, काय केलंस? गुणाजी म्हणाला, "भांडलो." डॉक्टर माझ्याकडं बघतोय. मी मान हलवली, खरंच आहे म्हटलं.

आणि मग मी विचारलंच. इतके दिवस पोटात गोळा होऊन बसलेलं, म्हटलं डॉक्टर, तुम्ही ह्यांना मागच्या वेळेला म्हणाला होता, पालखीखाली शिरलास तर… तर काय हो?

गुणाजी वरच्या पंख्याकडं बघायला लागला.

डॉक्टर हसला. म्हणाला, "पालखीखाली शिरलास तर मला आनंदच आहे, असंच वर्षभर अंग हलव. पण पालखीबरोबर घरोघरी जे ताट पुढं येईल ते खात सुटलास, तर पुढच्या शिमग्याला उभा राहायला पाय राहणार नाहीत." ऐकलंत? म्हणजे राहीनं ऐकलं ते खरं, पण अर्धं. हेतलच्या आईनं जोडलं ते खोटं, पण अगदीच खोटं नाही. धोका होता, तो पालखीत नव्हता, पालखीमागच्या पुरणपोळीत होता!

बाहेर आल्यावर मी गुणाजीला धरलं. म्हटलं भावजी, डॉक्टरनं नाचायला होय म्हटलं होतं पहिल्याच दिवशी, मग गावाला का नाही सांगितलंत? मान जायची वेळ आली, बायको रडली, मी वाळूत पडले! तर तांडेल चपलेनं मातीत रेघ ओढत म्हणतो, "वयनी, अर्धं सांगितलं असतं तर गुणवंतीनं पुढचं विचारलं असतं. मग पोळी बंद." म्हणजे बघा, बापआज्याचा खांदा एका बाजूला नि पुरणपोळी एका बाजूला, आणि हा मनुष्य ठरवू शकला नाही म्हणून समुद्राकडं बघत बसला!

मी गावाला सगळं सांगितलं. पूर्ण. विश्वासाचं माणूस आहे मी. डाव्या खांद्याखाली गुणाजीच शिरला, आणि काय नाचला सांगू, गुडघे विसरला. गुणवंतीनं ओवाळलं तेव्हा तिनं आधी त्याच्या पायांवर पाणी घातलं, मग देवीला हात जोडले. घरोघरी ताट पुढं आलं तेव्हा त्यानं प्रसादाचं चिमूटभर कपाळाला लावलं नि तोंडात टाकलं, बाकीचं मागं. महिपतनं पण. बाबूनं तर बायकोदेखत गोळी काढून खाल्ली.

आणि आता खरी पंचाईत ऐका. पालखीखाली आमच्याकडं भांडण ठेवत नाहीत. गुणाजी नि महिपत गुलालात माखलेले, गळ्यात गळा, सगळं मिटलं! पेटीचं कुलूप काढलं, पण आता ती उचलायला कुणालाच घाई नाही, म्हणे सगळ्यांचाच मान आहे, उचलू केव्हातरी. पाखाडी ओस. गुणाजी पडवीत. संध्याकाळी महिपत येतो, दोघं शेजारी शेजारी बसतात, प्रेमानं, गप्पा मारतात, ताटल्या रिकाम्या करतात… काल गुणवंती गडग्याशी आली नि म्हणाली, ताई, ह्यांच्या पायाला परत मुंग्या यायला लागल्या, तुम्हीच काहीतरी करा.

मी काय करणार? मला ना मोठ्या पुस्तकांची विद्या, ना औषधांची. सातवी शिकलेली बाई. पण एक औषध ह्यांना लागू पडतं ते मला ठाऊक आहे, आणि ते गावात माझ्याशिवाय कुणाला देता येत नाही. म्हणून पदर खोचलाय. आता पहिल्यांदा महिपतकडं जाते, त्याच्या मुलीच्या लग्नातल्या जेवणाला गुणाजी काय म्हणाला होता ते त्याला सांगते, आणि येताना महिपत त्यावर काय म्हणाला ते गुणाजीला. मला काय करायचंय हो! मी कधी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही… पण शेजाऱ्याची साखर वाढताना बघवत नाही.